स्फॅग्नमच्या मुलखात

जर्मनीच्या वायव्य भागात, वेझर नदीच्या काठी, ब्रेमेन नावाचे जे जुने व्यापारी शहर आहे, त्याच्या फिंडोर्फ या वस्तीत एका कालव्याच्या टोकाशी लहानसे बंदर असून ते पीटचे बंदर म्हणून ओळखले जाते. आज तेथे हौशी प्रवाशांना फिरवून आणणाऱ्या नावा लागतात; परंतु अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत शहरातील चुली आणि भट्ट्या ज्या इंधनावर पेटत, ते काळसर तपकिरी पीट ईशान्येकडील विस्तीर्ण दलदलीतून कापून, वाळवून, तपकिरी शिडांच्या सपाट तळाच्या होड्यांतून याच बाजूला आणून उतरविले जात असे. प्रवासाचा आरंभ येथूनच करावयाचा, हे मी आधी ठरविले होते. कारण ज्या वनस्पतीचे शेत मला पाहावयाचे होते, तिचेच हजारो वर्षांचे संचित म्हणजे पीट, आणि या मुलखाने तिच्याशी केलेल्या व्यवहाराचा जमाखर्च समजल्यावाचून त्या शेताचे मोल कळण्याजोगे नव्हते.

ती वनस्पती म्हणजे स्फॅग्नम जातीचे मॉस. कीटकभक्षी वनस्पती जोपासण्याचा छंद ज्यांना आहे त्यांना तिची थोरवी सांगावयास नको. अमेरिकेच्या कॅरोलायना राज्यांतील व्हीनस फ्लायट्रॅप, त्याच बाजूची सारासेनिया, व्हेनेझुएलाच्या पठारांवरील हेलिअँफोरा, देशोदेशींचे ड्रॉसेरा म्हणजे दवबिंदू या साऱ्यांना खतावलेली काळी माती मानवत नाही. निकस, आम्ल, सदैव ओली आणि तरीही हवा खेळती ठेवणारी अशीच शय्या त्यांच्या मुळांना लागते, आणि जिवंत स्फॅग्नमइतकी उत्तम शय्या दुसरी नाही. शिवाय कुंडीतील पाण्यात क्षार साचू लागले की रोप सुकण्याच्या कितीतरी आधी हे मॉस तांबूस-तपकिरी पडून मालकाला सावध करते. पुण्या-मुंबईच्या हौशी माणसाला ते बहुधा वाळलेल्या स्थितीत, दाबून बांधलेल्या पुडक्यांतून मिळते आणि त्यावर न्यूझीलंडचे वा चिलीचे नाव असते. जिवंत मॉस क्वचित कोणी विकतो. परंतु ते कोणत्या डोंगरावरून, कोणाच्या परवान्याने आणि मागे किती शिल्लक ठेवून काढले, याचा दाखला त्याच्यापाशी नसतो. एका दुर्मीळ रोपाच्या ममतेपोटी आपण दूरच्या कोठल्यातरी दलदलीची साल तर ओरबाडून आणीत नाही ना, हा प्रश्न कित्येक वर्षे मला टोचत होता. हे मॉस रानातून न आणता पेरून, वाढवून, कापून काढणारी काही शेते जर्मनीत उभी राहिली आहेत असे वाचनात आले, तेव्हा ती प्रत्यक्ष पाहावयाचीच असा निश्चय केला.

ब्रेमेनच्या ईशान्येस टॉयफेल्समूर नावाची पीटभूमी पसरलेली आहे. ऑगस्टचा महिना होता, आकाश खाली उतरल्यासारखे करडे होते, आणि दोहों बाजूंस जेथवर दृष्टी जाई तेथवर सपाट हिरवी कुरणे, त्यांच्यामधून आखणीच्या दोरीने मारल्यासारखे सरळ चर आणि चरांच्या कडेने भूर्ज वृक्षांच्या पांढऱ्या खोडांच्या रांगा एवढेच दिसत होते. वोर्प्सवेडे हे गाव या सपाटीतील एका एकाकी टेकडीच्या अंगावर वसले आहे. १८८९ मध्ये फ्रिट्स माकेन्सन, ओटो मोडरसोन आदी तरुण चित्रकार येथे मुक्कामास आले आणि या दलदलीचा काळोखा प्रकाश, पीट कापणाऱ्या बायकांचे वाकलेले खांदे आणि होड्यांची शिडे त्यांनी चित्रांत आणून गावाला कीर्ती दिली. परंतु टेकडीवर उभारलेला स्मृतिस्तंभ चित्रकाराचा नसून युर्गेन क्रिस्टियान फिंडोर्फ या अंमलदाराचा आहे, आणि मला तो अधिक बोलका वाटला.

फिंडोर्फ मूळचा सुतार. त्या काळी हा प्रदेश हॅनोव्हरच्या राज्यात मोडत असे, आणि हॅनोव्हरचा अधिपती तोच इंग्लंडचा राजा असे. १७७१ मध्ये दलदलींचा कमिशनर म्हणून फिंडोर्फची नेमणूक झाली आणि १७९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने या ओल्या रानात कालवे खणून, जमिनीचे लांबट पट्टे पाडून, गावामागून गाव वसविले. नव्या वसाहतवाल्यास सरकारातून पट्टा मिळे आणि काही वर्षांची सारामाफीही मिळे. आपल्याकडे पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेला कौल देऊन इस्ताव्याने सारा चढविण्याची जी वहिवाट होती, तिची आठवण मला तेथील हकिगत ऐकताना पदोपदी झाली. पश्चिमेकडे ओस्टफ्रीसलँडात प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने १७६५ मध्ये हुकूमनामा काढून साऱ्या पडीक दलदली सरकारजमा ठरविल्या आणि त्या वसाहतीस खुल्या केल्या. राजदफ्तरात या गोष्टींची नोंद प्रगतीच्या सदराखाली झाली असली, तरी वसाहतवाल्यांच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली म्हण निराळीच साक्ष देते: पहिल्या पिढीच्या वाट्याला मरण, दुसरीच्या वाट्याला हालअपेष्टा, तिसरीच्या वाट्याला भाकरी. जे अतिशय गरीब होते ते दलदलीची वरची साल चर काढून सुकवीत, पेटवून देत आणि राखेत बकव्हीट पेरीत. पाच-दहा वर्षांत जमीन निःसत्त्व होई आणि त्या जळणाचा धूर वाऱ्यावर स्वार होऊन दूरदूरच्या देशांपर्यंत जाई.

पीट म्हणजे काय, हे एका उघड्या चराच्या काठावर बसून पाहिले म्हणजे ध्यानी येते. वरचा थर भुरा, हलका, धाग्याधाग्यांचा. त्यातील स्फॅग्नमची इवलाली पाने भिंगाखाली अजून ओळखता येतात. खाली खाली जावे तसा रंग काळा आणि पोत लोण्यासारखा होत जातो. स्फॅग्नमचे रोप शेंड्याकडून वाढते आणि बुडाकडून मरते. त्याला मुळे नसतात. त्याच्या पानात दोन प्रकारच्या पेशी असतात: काही अरुंद, हिरव्या आणि जिवंत, तर काही मोठ्या, रंगहीन, मृत आणि सच्छिद्र. या रिकाम्या पेशींत पाणी भरून राहते, इतके की वाळलेल्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी हे मॉस सहज धरून ठेवते. भोवतालच्या पाण्यातील क्षारांचे कण ओढून घेऊन ते बदल्यात आम्ल सोडते, आणि अशा आम्ल, थंड, प्राणवायुहीन पाण्यात कुजण्याची क्रिया जवळजवळ थांबते. मेलेला भाग कुजत नाही, साचत राहतो. चढणीचा वेग वर्षाला सुमारे एक मिलिमीटर. म्हणजे ज्या चराच्या काठावर मी बसलो होतो, त्याची मनुष्यभर उंचीची भिंत रचावयास रोमन साम्राज्याच्या आरंभापासून आजवरचा काळ लागला असला पाहिजे, आणि दोन माणसांच्या फावड्यांनी ती एका दिवसात दोन-चार हात मागे सरकू शकते. पृथ्वीच्या एकूण भूभागापैकी पीटभूमी जेमतेम तीन टक्के. परंतु सर्व अरण्यांतील झाडांत मिळून जेवढा कार्बन आहे त्याहून अधिक तीत कोंडलेला आहे. तिचे पाणी काढून घेतले की तो हवेत जाऊ लागतो. जर्मनीच्या पीटभूमींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आज कोरड्या केलेल्या आहेत, आणि त्या देशाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे ७ टक्के एवढ्या जमिनीतूनच बाहेर पडतात. ज्या शांत हिरव्या कुरणांनी माझे नेत्र निववले होते, तीच ही जमीन आहे, हे समजल्यावर त्या हिरवाईकडे पूर्वीच्या दृष्टीने पाहणे मला शक्य झाले नाही.

ओल्डेनबुर्ग येथील निसर्ग आणि मानव यांच्या संग्रहालयात दलदलीतून निघालेली मानवी शरीरे जपून ठेवलेली आहेत. त्वचा चामड्याप्रमाणे कमावली गेलेली, केस तांबूस झालेले, परंतु चेहरा, नखे, बोटे जशीच्या तशी. स्फॅग्नममधील शर्करासदृश द्रव्यांचा हा प्रताप आहे. ती प्रथिनांशी संयोग पावून जंतूंना अन्न उरू देत नाहीत. तेथेच विटेमूर या दलदलीतील लाकडी फळ्यांच्या वाटेजवळ सापडलेल्या, फळीतून कोरलेल्या दोन मनुष्याकृती आहेत. ती वाट इ. स. पूर्व १३५ मध्ये तोडलेल्या झाडांच्या लाकडांची आहे, हे खोडांतील वलयांवरून निश्चित झाले आहे. ज्या ठिकाणी वाट ओढा ओलांडी, तेथे जाणाऱ्या-येणाऱ्याच्या रक्षणासाठी या आकृती उभ्या केल्या असाव्यात. दलदलीला माणसे भीत होती आणि तिच्यातून जाताना देवतेची अनुज्ञा मागत होती, असा तो काळ. तिला निरुपयोगी ठरवून मोजणीच्या साखळीत बांधण्याचा काळ फार नंतरचा.

याच संग्रहालयात उभा असताना मला आठवण झाली ती या मॉसच्या एका विस्मृत उपयोगाची. पहिल्या महायुद्धात कापूस दारूगोळ्याच्या कारखान्यांकडे वळला, तेव्हा ब्रिटनमध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ दलदलींतून बायका-मुलांनी स्फॅग्नम वेचले, निवडले, वाळवले आणि जखमांवर बांधावयाच्या पट्ट्या शिवल्या. एडिंबरो येथील शल्यवैद्य चार्ल्स कॅथकार्ट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आयझॅक बेली बाल्फर यांनी या कार्यास चालना दिली. १९१८ पर्यंत महिन्याला सुमारे दहा लाख पट्ट्या रवाना होत होत्या. जर्मन शल्यवैद्य तर १८८० च्या दशकापासूनच पीट-मॉसच्या पट्ट्या वापरीत होते. या कामासाठी जाड फांद्यांच्या ज्या मोजक्या जाती उत्तम मानल्या गेल्या, त्यांत स्फॅग्नम पापिलोसम आणि स्फॅग्नम पालुस्ट्रे या दोन होत्या. आणि दुसऱ्या दिवशी ज्या शेतावर मला जावयाचे होते, तेथे लागवड होती ती नेमकी याच दोन जातींची.

ओल्डेनबुर्गच्या उत्तरेस सुमारे बारा किलोमीटरवर रास्टेडे हे गाव आहे, आणि त्याच्या हद्दीत हांकहाउझेन नावाची दलदल; दलदल म्हणण्याचे कारण केवळ ऐतिहासिक, कारण कित्येक दशके तिचे कुरण होऊन तेथे गुरे चरत आहेत. २०११ मध्ये ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी येथे चार हेक्टर कुरण घेऊन त्याचे मॉसचे शेत केले आणि २०१६ मध्ये ते चौदा हेक्टरांपर्यंत वाढविले. ग्राइफ्सवाल्डचे हान्स योस्टेन यांनी पीटभूमी ओली ठेवूनच तिच्यावर पीक घेण्याच्या या पद्धतीचा आयुष्यभर पुरस्कार केला, आणि २०२१ मध्ये जर्मनीचा पर्यावरण पुरस्कार त्यांना मिळाला. जमीन ओली ठेवावी म्हणणारा संरक्षक आणि जमीन पिकवावी म्हणणारा शेतकरी यांच्यात येथे शतकानुशतकांचा दावा आहे; त्या दाव्यात दोघांनाही उभे राहता येईल अशी जागा या माणसांनी शोधली, म्हणून त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

शेत दाखविण्यास आलेली तरुण संशोधिका गुडघाभर रबरी बूट घालून बांधावरून पुढे चालली होती. बांध रुंद, त्याच्या बाजूने चर, आणि चरांच्या मध्ये लांबच लांब, रस्त्यासारखे पट्टे. त्यांवर, वाफ्यात कोथिंबीर उतू जावी तसे, हिरवे, पिवळसर, क्वचित तांबूस स्फॅग्नम ओसंडून वाढले होते. ही लागवड कशी केली, हे तिने शेताच्या कडेला उभे राहून सविस्तर सांगितले. प्रथम वरची सुमारे तीस सेंटिमीटर खतावलेली, कुजलेली माती खरवडून काढली आणि तिचेच बांध घातले. मग उघड्या पडलेल्या पीटवर मॉसचे बारीक तुकडे पसरले, हेक्टराला साधारण ८० ते १०० घनमीटर. त्यांवर उन्हापासून संरक्षण म्हणून गवताच्या काडाचे आच्छादन घातले. आणि चरांतून पाणी सोडून त्याची पातळी मॉसच्या शेंड्यांपासून अवघी काही सेंटिमीटर खाली, बाराही महिने, स्थिर राखण्याची तजवीज केली. स्फॅग्नमच्या प्रत्येक तुकड्यातून नवे रोप फुटू शकते. त्याला बी लागत नाही, कलम लागत नाही. पाण्याची पातळी थोडी खाली गेली तर ते सुकते, थोडी वर गेली तर बुडून कुजते. म्हणून या शेतातील खरी मशागत नांगराची नसून पंपाची आणि फाटकाची आहे. दीड-दोन वर्षांत जमीन झाकली जाते. पाच वर्षांनी, २०१६ मध्ये, पहिली कापणी झाली: यंत्र बांधावर उभे राहते, त्याचा लांब हात पट्ट्यावर पसरतो आणि कापणीच्या खोऱ्याने मॉसचा केवळ वरचा भाग उचलून घेतो. मागे राहिलेल्या खुंटांतून पुन्हा शेंडे फुटतात. वर्षाला हेक्टरी सुमारे ३ ते ६ टन कोरडे मॉस मिळते.

येथे माझ्या मनातील एका दृढ समजुतीस धक्का बसला. घरच्या कुंड्यांना मी पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणीच देत आलो. नळाचे पाणी म्हणजे स्फॅग्नमला विष, हे आम्हां छंदिष्टांचे पहिले सूत्र. आणि येथे शेताला मिळणारे पाणी कोठून येते? शेजारच्या कुरणांच्या चरांतून, म्हणजे शेणखताने आणि नत्राने भरलेले! तरीही मॉस जोमाने वाढत होते. संशोधिकेचे स्पष्टीकरण असे की, या दोन जातींना पोषणद्रव्ये एकमेकांच्या योग्य प्रमाणात मिळाली तर त्या ती पचवितात, इतकेच नव्हे तर पाणी शुद्धही करतात; त्यांना खरोखर मारक असतो तो पाण्यातील चुना, म्हणजे बायकार्बोनेटांचा अंश. जेथे पाणी कठीण, तेथे हे शेत चालणार नाही. पुण्यातल्या नळाच्या पाण्याविषयीची आमची सावधगिरी त्यामुळे चुकीची ठरत नाही, परंतु तिचे कारण आता मला अधिक नेमके समजले, आणि फ्लायट्रॅपचे मूळ नत्र सोसत नाही म्हणून त्याच्या शय्येलाही ते सोसत नसेल, असे जे आम्ही गृहीत धरतो त्यात दोन निराळ्या जीवांची गल्लत आहे, हेही उमगले.

दुसरा विस्मय याहून मधुर होता. एका पट्ट्याच्या कडेशी वाकून संशोधिकेने बोट दाखविले. मॉसच्या शेंड्यांमध्ये, रुपयाच्या नाण्याहून लहान अशा गोल पानांची चक्रे सपाट पसरली होती; प्रत्येक पान तांबड्या केसांनी भरलेले, केसाच्या टोकाशी चिकट थेंब, आणि एका पानावर गुरफटलेले चिलट. ड्रॉसेरा रोटुंडिफोलिया, गोल पानांचा दवबिंदू! १८६० मध्ये ससेक्सच्या माळावर डार्विनची नजर ज्याने खिळवून ठेवली, आणि ज्याच्यावरील प्रयोगांतून १८७५ मध्ये त्याचा कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथ सिद्ध झाला, तोच. पेरलेल्या मॉसबरोबर त्याचे बीज येथे आले आणि त्याने आपणहोऊन घर केले. कोळ्यांच्या दुर्मीळ जातीही या शेतात आढळल्या आहेत. खोकल्याच्या औषधांसाठी युरोपात दवबिंदू वापरतात आणि त्याचा बराचसा पुरवठा मादागास्कर व फिनलंडच्या दलदलींतून वेचून होतो. तो मॉसबरोबर शेतातच पिकविता येईल काय, याचेही प्रयोग झाले आहेत. भाद्रपदात कासच्या पठारावर जांभ्यावरील ओल्या, पातळ मातीत दवबिंदू आणि सीतेची आसवे ही कीटकभक्षी रोपे मी अनेकदा पाहिली आहेत. परंतु तेथे काय किंवा येथे काय, त्यांतील एकाही रोपाला हात लावण्याची मुभा नाही आणि असू नये. जर्मनीत स्फॅग्नमच्या जाती आणि दवबिंदू हे दोन्ही कायद्याने संरक्षित आहेत. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास-निर्देशातही स्फॅग्नमचे नाव आहे. रानातून मूठभर मॉस उचलणे हा येथे गुन्हा ठरू शकतो.

मग पहिल्या पेरणीचे बियाणे आले कोठून? मला वाटते, जबाबदारीने मॉस मिळविण्याचा सारा प्रश्न याच ठिकाणी येऊन ठेपतो, आणि संशोधिकेनेही ती अडचण झाकून ठेवली नाही. एक हेक्टर पेरावयास जेवढे मॉस लागते, तेवढे कोठून तरी परवान्याने, थोडे थोडे, वरच्यावर कापून घ्यावेच लागते. आणि युरोपात देण्याजोगी समृद्ध दलदल आता उरलीच किती? म्हणून आता नव्या शेतांचे बियाणे जुन्या शेतांतून घेण्याकडे कल आहे. फ्रायबुर्ग विद्यापीठात राल्फ रेस्की यांच्या प्रयोगशाळेत तर स्फॅग्नम पालुस्ट्रे निर्जंतुक द्रवात, काचेच्या भांड्यांत वाढविले गेले. एका कणापासून आरंभ करून, रानाला न शिवता, हवे तेवढे बीज तयार करण्याचा हा मार्ग आहे. दुसरी अडचण हिशेबाची. कुंड्यांच्या मिश्रणात उत्खनन केलेले पीट अजून इतके स्वस्त आहे की त्याच्यापुढे पिकविलेल्या मॉसचा भाव टिकत नाही. आणि ओल्या शेतास शेत न मानणाऱ्या नियमांमुळे शेतकऱ्याला मिळणारे सरकारी अनुदान कित्येक वर्षे बुडत असे. निचरा केलेल्या कुरणातून दरवर्षी हेक्टरी सुमारे ३० टन कार्बन डायऑक्साइडइतके वायू जातात, आणि त्याचा आकार मात्र कोणाच्याच खात्यावर पडत नाही. हा आकार जर हिशेबात धरला, तर स्वस्त कोण आणि महाग कोण हे ठरविणे कठीण जाणार नाही.

हांकहाउझेनहून नैर्ऋत्येकडे झाटरलांडात गेलो. चार लहान गावांचा हा मुलूख शतकानुशतके दलदलींनी असा वेढलेला होता की, नदीतून होडीने अथवा कडक थंडीत गोठलेल्या जमिनीवरून एवढ्याच वाटांनी बाहेर जाता येई. त्यामुळे अन्यत्र लोपलेली एक प्राचीन फ्रीजियन बोली येथे टिकून राहिली, आणि आजही सुमारे दोन हजार माणसे ती बोलतात. दलदलीने शरीरे राखली, लाकडे राखली, तशी भाषाही राखली. येथील रामस्लो गावाभोवती पीट कापून उघड्या केलेल्या जमिनी मैलच्या मैल काळ्या पडल्या आहेत. परंतु ज्यांच्या वाडवडिलांनी पीटच कापले, अशा उद्योगातील माणसेच शास्त्रज्ञांबरोबर मॉस पेरण्याच्या प्रयोगांत उतरली, हेही याच भागात घडले.

आणखी नैर्ऋत्येस एस्टरवेगेन लागते. या भागातील पीटभूमीवर १९३३ पासून नाझी राजवटीने बंदिवानांच्या छावण्या उभारल्या; बोर्गरमूर आणि एस्टरवेगेन या त्यांतील पहिल्या. कैद्यांनी फावड्यांनी दलदल खणून शेतजमीन करावी, हे काम त्यांना दिलेले होते. शांततेचे नोबेल पारितोषिक मिळालेला पत्रकार कार्ल फॉन ओसिएट्स्की येथे कैदेत होता आणि येथल्या हालांतून तो बरा झाला नाही. ओल्डेनबुर्गच्या विद्यापीठाला आज त्याचे नाव आहे. स्मृतिस्थळाच्या आवारात मी फार वेळ थांबलो. भूमी ‘सुधारण्याच्या’ नावाखाली माणसांवर काय लादले जाऊ शकते, हे पाहिल्यानंतर दलदलीच्या इतिहासाकडे केवळ वनस्पतिशास्त्र म्हणून पाहता येत नाही.

या प्रवासात मी मॉसचा एकही शेंडा बरोबर आणला नाही. जिवंत वनस्पती परदेशातून आणावयाची तर आपल्या वनस्पती-संगरोध खात्याचे नियम पाळावे लागतात, आणि ते योग्यच आहेत; मॉसच्या ओल्या गाठोड्यातून तणांचे बीज, किडी आणि बुरशी सहज येतात. अमेरिकेत १९८८ मध्ये रोपांभोवती गुंडाळलेल्या स्फॅग्नममधील एका बुरशीने पंधरा राज्यांतील ८४ माणसांच्या त्वचेला रोग झाला होता. म्हणून मॉस हाताळताना हातमोजे घालावेत, हे मी नव्या छंदिष्टांना आवर्जून सांगतो.

आपल्याकडे येणाऱ्या वाळलेल्या मॉसबद्दलही आता मी अधिक चौकसपणे विचारतो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मॉस काढणारे चांगले लोक थर संपूर्ण न खरवडता काही भाग मागे ठेवतात, तुटलेले धागे परत विखुरतात आणि त्या जागी पुन्हा जाण्यास काही वर्षे जाऊ देतात. चिलीतील चिलोए बेटावर, जेथे या मॉसला पोम्पोन म्हणतात आणि जेथे बर्फाचे डोंगर नसल्यामुळे उन्हाळ्याच्या पाण्याची मदार बरीचशी या ओल्या भूमींवरच आहे, तेथे बेसुमार वेचणीमुळे विहिरी आटू लागल्याची तक्रार झाली. त्या देशाने आधी कापणीचे नियम केले आणि २०२४ मध्ये पीटभूमींच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. म्हणून पुडक्यावर केवळ देशाचे नाव पुरेसे नाही. ते रानातले की शेतातले, वरून कापलेले की बुडापासून उपटलेले, याचे उत्तर विक्रेत्याने दिले पाहिजे, आणि ज्याला ते देता येत नाही त्याच्याकडून जिवंत मॉस मी घेत नाही.

खरे पाहता घरच्या छंदाला फार थोडे मॉस लागते. चांगल्या प्रतीच्या वाळलेल्या पुडक्यातही काही धागे जिवंत राहिलेले असतात. ते पावसाच्या पाण्याने भिजवून, उजेडात परंतु उन्हाच्या झळीपासून दूर, उथळ तबकात पसरून ठेवले तर काही आठवड्यांनी कोठेकोठे हिरवे कोंब दिसू लागतात. कोणा मित्राने चिमूटभर जिवंत शेंडे दिले तर काम अधिकच सोपे: हांकहाउझेनला केले तसेच दोन-तीन सेंटिमीटरांचे तुकडे करावेत, मेलेल्या मॉसच्या थरावर पसरावेत, वर झिरझिरीत सावली करावी आणि पाण्याची पातळी जराशी खाली, पण स्थिर राखावी. पुण्यात पावसाळ्यात आणि हिवाळ्यात ते आनंदाने वाढते. चैत्र-वैशाखात मात्र त्याला घरातील सर्वांत थंड, उजेडाची जागा द्यावी लागते आणि तरीही काही भाग हातचा जातो. लहान दवबिंदूंच्या कुंडीत ते माजले तर रोप गाडून टाकते, म्हणून वरचे शेंडे कात्रीने खुडावेत. आणि हे खुडलेले शेंडे म्हणजेच दुसऱ्याच्या तबकाचे बियाणे. आमच्या ओळखीतील चार-पाच घरांत आता याच रीतीने मॉस फिरते. ज्याचे वैशाखात सुकले, त्याला ज्येष्ठाच्या पहिल्या पावसानंतर दुसऱ्याने द्यावयाचे, असा आमच्यात करार आहे, आणि यंदा माझ्या तबकातील अर्धे मॉस तशा दोन घरांना गेले.